डबल बेल

“विझवा ती,” मी म्हटलं.

मागच्या बाकावरच्या गवंडीदादांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांतल्या सिगारेटकडे, मग पुन्हा माझ्याकडे. पहिल्या फेरीला ते रोज त्याच बाकावर बसायचे, मांडीवर अवजारांची पिशवी घेऊन, आणि बसल्या बसल्या पेटवायचे. रोज मी त्यांना तिकीट द्यायचे, खोकायचे आणि पुढे सरकायचे. आज सरकले नाही.

“चेष्टा करताय का ताई?”

“चेष्टा नाही, कायदा आहे. आजपासून. वाचा की.”

त्यांच्या डोक्यावरच पाटी होती. पहाटे डेपोत मी स्वतः ती चिकटवली होती. प्रत्येक गाडीला एकच पाटी मिळणार होती, पण मी स्टोअरकीपरच्या मानगुटीवर बसून आणखी काही मागून घेतल्या आणि पुढे, मागे, दाराच्या वर, जिथं जागा दिसली तिथं लावून टाकल्या. माझा नवरा म्हणतो, हिच्या हातात काही द्यायची सोय नाही, ही घरातल्या मांजरालाही पाटी लावून मोकळी होईल.

तर त्या सकाळी माझे पाय जमिनीवर नव्हते. बस, रेल्वे, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडे सिगारेट बंद होणार हे आम्ही कित्येक महिने नुसतं ऐकत होतो. होणार होणार म्हणता पुढे ढकललं जायचं आणि मी चरफडत बसायचे. आदल्या रात्री बातम्यांत नक्की झालं तेव्हा मी जेवणावरून उठून टाळ्या वाजवल्या. घरच्यांना वाटलं, पगार वाढला.

माझं कारण अगदी साधं होतं. मी कंडक्टर, आणि मला कंडक्टरच राहायचं होतं.

मी जन्मात कधी सिगारेट ओठांना लावलेली नाही. लहानपणी खोडी म्हणूनसुद्धा नाही. तरी वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी मला नळीत फुंकर मारायला लावली, तर यंत्राचा काटा जेमतेम हलला आणि बसला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “बाई, दिवसाला किती ओढता?” माझा पारा चढला. मी त्यांना माझ्या सगळ्या खानदानाची हमी दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं. मग तुमच्या जवळ कोण ओढतं?”

काय सांगणार? सगळं गाव ओढतं आणि माझ्या गाडीत येऊन सोडतं. डॉक्टर म्हणाले, छाती आत्ताच सावरली तर सावरेल. पुढच्या तपासणीला काटा असाच राहिला तर रस्त्यावर पाठवायची सही मी करणार नाही, तुम्हाला डेपोत पासाच्या खिडकीवर बसावं लागेल.

खिडकीवर. मला. चालत्या गाडीत कशालाही न धरता मी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, वळणावरसुद्धा. स्टॉपचं नाव मी असं पुकारते की झोपलेला माणूस उतरतो आणि ज्याला उतरायचं नाही तोही क्षणभर उठून उभा राहतो. मला जर कोणी चौकोनी भोकाच्या आत बसवलं, तर आठवड्याच्या आत मी भिंतीशी भांडायला लागेन.

तेव्हा गवंडीदादांना मी जराही सोडणार नव्हते. “विझवा, नाहीतर दंड भरा. पावतीपुस्तक कोरं आहे, भोपळा तुमच्यापासून फुटू दे.”

गवंडीदादा हसले. त्यांनी निवांत एक झुरका घेतला आणि हनुवटीनं पुढे खूण केली. “आमचं काय घेऊन बसलात ताई. आधी पुढचं धुराडं विझवा.”

सगळी गाडी हसली. गाडी बाजाराच्या स्टॉपवर उभी होती, माणसं चढत होती. मी वळून पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटवरून निळसर धूर उठून टपाच्या कडेनं हळूहळू मागे येत होता.

धुराडं म्हणजे आमचे ड्रायव्हर. डेपोत त्यांना सगळे त्याच नावानं ओळखत, त्यांच्या तोंडावरही म्हणत, आणि ते रागावत नसत. मी मात्र त्यांना काका म्हणते. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मला त्यांच्या गाडीवर टाकलं होतं, ती मी अजून त्यांच्याच गाडीवर आहे. गर्दीत पैसे आणि तिकीट एका हातात कसं धरायचं, भांडखोर माणसाला आवाज न चढवता कसं उतरवायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. दुपारच्या सुट्टीत आम्ही गाडीतच समोरासमोरच्या बाकांवर बसून डबे खायचो. काकू होत्या तोवर त्यांच्या डब्यात माझ्यासाठी एक वेगळा कप्पा असायचा, आणि तो रिकामा करून दाखवल्याशिवाय काका गाडी सुरू करायचे नाहीत.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. बरीच वर्षं खोकत होत्या. दमा आहे, असं सगळे म्हणायचे, त्याही म्हणायच्या. त्या कधी सिगारेट ओढत नव्हत्या हे काही सांगायला नको. काकांचं घर दोन खोल्यांचं, त्यात हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद, आणि काका घरातही ओढायचे.

डॉक्टरांनी मला ‘जवळ कोण ओढतं’ असं विचारलं, तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे काका आले आणि त्यांच्या पाठोपाठ काकू. हे मी नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. काकांना मी नुसतं एवढं सांगायचं, की काका, तुमच्या धुरानं माझी छाती गेली, ओढू नका. ते लगेच ऐकतील, मला खात्री होती. पण मग रात्री एकटे घरी बसल्यावर पुढचा हिशेब ते स्वतःच करतील. तो मी त्यांना कसा करू देऊ? म्हणून तर मी कायद्याची चातकासारखी वाट पाहत होते. कायदा तिऱ्हाईत असतो. तो सगळ्यांना एकच सांगतो, कोणाकडे बोट दाखवत नाही. काकांची सिगारेट तो विझवेल आणि माझी जीभ मला उचलावी लागणार नाही, असा माझा सरळ बेत होता.

पहाटे डेपोतून निघताना त्यांनी पाटी पाहिली होती. “छान लावलीस,” म्हणाले होते. मला वाटलं, झालं काम.

मी माणसांतून वाट काढत पुढे गेले. “काका, आजपासून गाडीत बंद आहे.”

“हो ना. पॅसेंजरला.” त्यांनी राख खिडकीबाहेर झटकली. “डबल दे, उशीर होतोय.”

“सगळ्यांना बंद आहे काका.”

“अगं, मी काय पॅसेंजर आहे का? डबल दे पोरी.”

त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, हीच पंचाईत होती. रागावले असते तर मी दुप्पट आवाजात बोलले असते, ते मला उत्तम जमतं. गाडी ही त्यांना घरासारखी होती, आणि घरात कोणी कायदा आणतं का, अशा चेहऱ्यानं ते समोर पाहत बसले. मागून गवंडीदादा ओरडले, “बघा, म्हटलं नव्हतं?” पुन्हा हशा पिकला.

मी माझ्या जागी आले आणि बेलच्या दोरीवर हात ठेवला. एक वाजवली की थांबा, दोनदा वाजवली की निघा. दारात कोण लोंबकळतंय, कोणाचा पाय अजून पायरीवर आहे, हे ड्रायव्हरला दिसत नाही, कंडक्टरला दिसतं. म्हणून डबल ऐकल्याशिवाय गाडी इंचभरही हलवायची नाही. हेही काकांनीच शिकवलेलं.

दार रिकामं होतं. सगळे चढले होते. मी दोरी धरली आणि ओढली नाही.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग काकांनी आरशातून पाहिलं आणि भुवया उडवल्या. मी मान हलवली. नाही.

माझं काळीज असं धडधडत होतं की छातीवरचा पैशांच्या पिशवीचा पट्टा हलताना दिसत असेल. भीती होतीच, पण मजाही वाटत होती. आयुष्यात इतकी वर्षं मी लोकांना आत घेतलं, बाहेर काढलं, सुटे नाहीत म्हणून भांडले, पण अख्खी गाडी माझ्या एका हातावर अडलेली कधी पाहिली नव्हती.

“काय झालं हो?” पुढच्या बाकावरच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं. “माझी शाळा भरेल.”

“ड्रायव्हरसाहेब सिगारेट ओढतायत, म्हणून गाडी निघणार नाही.”

“अहो, एका सिगारेटनं काय आकाश कोसळणार आहे?” कोणीतरी म्हणालं.

“तुमच्या तान्ह्याला घेऊन बसा इथं, मग कळेल,” एक बाई कडाडली. तिच्या कडेवर खरोखरच तान्हं होतं. “देऊ नका हो ताई डबल. बसू दे सगळ्यांना इथंच.”

मग काय विचारता, गाडीत दोन पक्ष पडले. कायदा बरोबर आहे, पण उशीर चूक आहे. उशीर झाला तर झाला, पण धूर नको. आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत ओढल्या. तुमच्या आजोबांनी ओढल्या, आजीचं काय ते सांगा. शिक्षिकाबाई शाळा विसरून मागे वळून वाद घालायला लागल्या. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. एवढ्या गोंधळात गवंडीदादा मात्र आपल्या सिगारेटचा शांतपणे आस्वाद घेत होते, कारण आता ते कोणाच्या खिजगणतीत नव्हते.

तेवढ्यात माझ्या मागून एक हात आला. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच बाबू मघापासून घड्याळ पाहत होता. त्यानं माझ्या डोक्यावरून दोरी धरली आणि दोनदा ओढली.

इंजिन गुरगुरलं, गाडीनं एक हिसका दिला आणि तिथंच थांबली. काकांनी इंजिनच बंद करून टाकलं. गाडी एकदम चिडीचूप झाली.

“ही तिची बेल नाही,” काका मागे न वळता म्हणाले. “कोणी ओढली?”

बाबू हळूच दोन माणसांच्या आड झाला.

“दारात एखादा अर्धा आत, अर्धा बाहेर असता म्हणजे? मेला असता ना चाकाखाली? दोरीला कंडक्टरशिवाय कोणी हात लावायचा नाही.” हे त्यांनी मात्र चांगलं रागावून सांगितलं. “तिनं डबल दिल्याशिवाय माझी गाडी हलत नसते.”

बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. आरशात त्यांचे डोळे मला दिसले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही मी कसंबसं दाबून धरलं.

“देत नाहीस?”

“पेटलेली आहे तोवर नाही.”

“कायद्यासाठी?”

मी बोलायला गेले आणि नेमका तेव्हाच खोकला आला. तो साधासुधा नव्हता, मी दांड्याला धरून वाकले, डोळ्यांतून पाणी आलं, तान्ह्याच्या आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. थांबला तेव्हा वर पाहिलं, तर काका आरशातून माझ्याकडे टक लावून बघत होते. असं बघताना मी त्यांना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, काकूंच्या कॉटशेजारी.

ते त्यांच्या बाजूचं दार उघडून खाली उतरले. सगळी गाडी खिडक्यांना लागली. काका पुढून वळसा घालून फुटपाथवर उभे राहिले, हातातल्या अर्ध्या सिगारेटकडे पाहिलं. आता ती संपवून येतात की काय, असं मला वाटलं. ओढा म्हणावं, खाली उभं राहून ओढायला कायद्याची ना नव्हती. पण त्यांनी ती खाली टाकली आणि बुटानं चिरडली. मग खिशातलं पाकीट काढलं, कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, परत येऊन सीटवर बसले आणि इंजिन सुरू केलं.

गाडीत टाळ्या पडल्या. गवंडीदादांनी कोणी सांगायच्या आत आपली सिगारेट बुटाच्या तळाला दाबली आणि उरलेलं थोटूक कानामागे अडकवलं.

मी डबल दिली. अशी दिली की दोरी तुटायची राहिली.

पुढचा सगळा रस्ता मी नाचत होते म्हणा ना. खिडक्या उघडायला लावल्या, वारा आत आला, आणि धूर गेल्यावर गाडीला किती वास असतात हे मला इतक्या वर्षांनी कळलं. शिक्षिकाबाईंच्या पिशवीतल्या कोऱ्या वह्यांचा वास, तान्ह्याच्या अंगाला दुधाचा, गवंडीदादांच्या कपड्यांना ओल्या सिमेंटचा. शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावरची बाई मला स्वच्छ दिसत होती. मी एका दमात सगळी तिकिटं फाडली आणि पुढे येईपर्यंत एकदाही खोकले नाही. स्टॉपची नावं मी जवळजवळ गाऊन दाखवली. बाबू उतरताना मान खाली घालून म्हणाला, “सॉरी ताई,” आणि मी त्याला उदारपणे माफ केलं. एका दिवसात छाती सुधारत नसते हे मला ठाऊक होतं, तरी मनातल्या मनात मी डॉक्टरांच्या यंत्राचा काटा पार टोकाला नेऊन ठेवला होता.

फक्त आरशात काका पुन्हा दिसले नाहीत. दिसत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

शेवटच्या स्टॉपवर गाडी रिकामी झाली. परतीच्या फेरीला थोडा वेळ असतो, तेवढ्यात आम्ही चहा घेतो. मी टपरीवरून दोन पेले घेऊन आले. येताना मनाशी जुळवत होते, कायद्याचं नाव घ्यायचं, दंडाची थट्टा करायची, विषय छातीवर येऊच द्यायचा नाही.

काका केबिनमध्ये समोरची काच आतल्या बाजूनं पुसत होते. बाहेरची काच ते रोज धुतात, आतली कोण कशाला धुतो? पायाशी बादली होती आणि हातात ओलं फडकं. काचेवर जिथं फडकं फिरलं होतं तिथून बाहेरचा रस्ता लख्ख दिसत होता, बाकीचा पिवळट. फडकं त्यांनी बादलीत बुडवून पिळलं, तर चहासारखं पाणी खाली पडलं.

“चहा निवतोय काका.”

“ठेव.” त्यांनी पुन्हा पुसायला घेतलं. “डॉक्टरकडे गेली होतीस ना?”

“तपासणी होती. सगळ्यांचीच असते.”

“काय म्हणाला?”

“काही नाही हो. जपायला सांगितलं.”

“जवळ कोण ओढतं म्हणून विचारलं असेल.”

मी पेले बाकावर ठेवले.

“तिलाही विचारलं होतं,” काका म्हणाले. काचेचा एक कोपरा ते नखानं खरवडत होते. “मी शेजारीच उभा होतो. खिशात पाकीट होतं. ती डॉक्टरला म्हणाली, आमच्या घरी कोणी नाही ओढत.”

बाहेर परतीचे प्रवासी जमायला लागले होते. दार बंद होतं म्हणून ते खालीच उभे होते.

“मी काही बोललो नाही,” काका म्हणाले. “मला तेव्हा बरं वाटलं, की हिनं वाचवलं मला डॉक्टरपुढे.”

“काका, त्यांना दमाच होता. सगळे म्हणायचे.”

“हो. सगळे म्हणायचे.”

समोरची काच झाली. त्यांनी बादली उचलली आणि मागे आले, पहिल्या बाकाच्या खिडकीला फडकं लावलं. एकदा फिरवलं, उलटून पाहिलं. ते तपकिरी फडकं त्यांनी दोन्ही हातांत उघडून धरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

“घरी काचा तीच पुसायची,” ते म्हणाले. “दर रविवारी. मी कॉटवर पडून ओढत असायचो. फडकं कधी बघितलंच नाही मी.”

त्यांनी फडकं पिळलं आणि पुढच्या खिडकीकडे गेले. फेरीची वेळ होऊन गेली. खाली कोणीतरी दारावर थाप मारली, तेव्हा मी उतरून लोकांना म्हटलं, थोडं थांबा, साफसफाई चालली आहे. परत आत आले तोवर काका मधल्या बाकांपर्यंत पोचले होते. एका हातानं खिडकीची चौकट धरून, प्रत्येक काचेचे चारही कोपरे ते सावकाश पुसत होते.

मी बादली उचलली आणि नळावरून नवं पाणी आणून दिलं.